पेशीतली डीएनए-दुरुस्ती आणि कॅन्सर : जनुकीय रिपोर्ट हातात आलेल्या घरांसाठी

वैदेही_ठाणे

नात्यात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर निघाला की हल्ली डॉक्टर बऱ्याचदा जनुकीय चाचणी करायला सांगतात. रिपोर्टवर बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ असं लिहून येतं आणि घरात एकच वाक्य फिरायला लागतं, "तिच्यात कॅन्सरचा जीन सापडला." मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ओळखीतले लोक असे रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. उपचार कोणता घ्यावा हे मी सांगत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण हा जीन मुळात काय करतो ते सांगते. ते कळलं की माणसं जरा शांतपणे विचार करू लागतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ हे जीन आपल्या सगळ्यांमध्ये असतात, पुरुषांमध्येही. तुटलेला डीएनए जोडणं हे त्यांचं काम. रिपोर्टमध्ये सापडतो तो त्या जीनच्या एका प्रतीतला बिघाड. म्हणजे त्या बाईत काहीतरी जादा, वाईट असं आलेलं नाही. दुरुस्ती करणाऱ्यांपैकी एक जण जन्मापासून गैरहजर आहे.

आता दुरुस्ती कसली, ते बघू. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली, समोरासमोरच्या दोन पदरांची साखळी. एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो रोज बिघडतो. उन्हात गेलो नाही, तंबाखूला हात लावला नाही, तरी बिघडतो, कारण पेशीत पाणी आहे, ऑक्सिजन आहे आणि शरीराचं ३७ अंश तापमान आहे. नुसत्या पाण्यामुळे एका पेशीतली दहा हजारांच्या आसपास अक्षरं दिवसाकाठी साखळीवरून गळून पडतात. सायटोसिन या अक्षराचं आपोआप युरासिल होतं, जे डीएनएमध्ये असायलाच नको. शिवाय पेशी दुभंगताना तीन अब्ज अक्षरांच्या दोन संचांची नक्कल होते, त्यात चुका होतात त्या वेगळ्या. नक्कल करणारं एन्झाइम लाख अक्षरांमागे एखादी चूक करतं, बरीचशी स्वतःच मागे येऊन सुधारतं, आणि उरलेल्या चुका दुसरी यंत्रणा हुडकून काढते. सरतेशेवटी अब्जावधी अक्षरांत एखादीच चूक शिल्लक राहते.

टोमास लिंडाल, पॉल मोड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. लिंडाल यांनी खराब झालेलं एकेक अक्षर काढून नवं बसवणारी यंत्रणा दाखवली, मोड्रिच यांनी नक्कल करतानाच्या चुका सुधारणारी. संजार यांचं काम मला वर्गात शिकवायला सगळ्यात आवडतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएवरची शेजारशेजारची दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि साखळीला तिथे बाक येतो. पेशीतली प्रथिनं तो बाक ओळखतात, चिकटलेल्या जागेच्या अलीकडे आणि पलीकडे काप घेतात, तीसेक अक्षरांचा तुकडाच उचलून टाकतात आणि समोरच्या पदरावर बघून तो भाग नव्याने लिहून काढतात. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात ही यंत्रणा जन्मतः मोडलेली असते. अशा मुलांना साध्या उन्हाने लहानपणीच त्वचेचे कॅन्सर होऊ लागतात. त्या आजाराच्या मुळाशी दुरुस्तीतला दोष आहे हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. आपल्याकडे ऊन एवढं असून त्वचेचे कॅन्सर तुलनेने कमी, याला मेलॅनिन कारण आहेच. पण जे नुकसान आत पोचतं ते रोजच्या रोज निस्तरलं जातं ते या यंत्रणेमुळे.

इथवर एकच पदर खराब होतो आणि दुसऱ्यावर बघून तो लिहिता येतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर बघायला काही उरत नाही, आणि पेशीला सगळ्यात जड जातं ते हेच. तुटलेली टोकं घाईने जोडणारी एक पद्धत आहे, पण तिच्यात दोन-चार अक्षरं इकडची तिकडे होतात. अचूक पद्धतीत पेशी त्याच गुणसूत्राची नुकतीच तयार झालेली जुळी प्रत समोर धरते आणि तिच्यावरून हरवलेला मजकूर उतरवून घेते. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या अचूक पद्धतीत काम करतात. ते नसले की पेशीला घाईच्या पद्धतीवर भागवावं लागतं आणि दर खेपेला थोड्या चुका साठत जातात.

दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो मिळवून देणारं प्रथिन म्हणजे पी५३. हार्बर लाइनवाल्यांना वेगळं सांगायला नको, रुळांवर गाड्या धावत असताना रूळ बदलता येत नाहीत, रविवारी मेगाब्लॉक घ्यावाच लागतो. डीएनए तुटल्याची खबर मिळाली की पी५३ पी२१ नावाच्या प्रथिनाकरवी पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती झाली की विभाजन पुन्हा सुरू. नुकसान आवाक्याबाहेरचं असेल तर हेच पी५३ पेशीला मरायला लावतं. ते १९७९ मध्ये सापडलं, पण जवळजवळ दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारंच मानलं जात होतं. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की अभ्यासासाठी वापरलेल्या प्रती बिघडलेल्या होत्या. चांगलं पी५३ कॅन्सर रोखतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरांमध्ये हा जीन मोडलेला आढळतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असलेला एचपीव्ही विषाणू जीन मोडत बसत नाही, तो पी५३ प्रथिनच नष्ट करवतो. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर एचपीव्हीच्या लशीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

आता रिपोर्टकडे परत. प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम करत असते, म्हणून बीआरसीएचा दोष घेऊन जन्मलेली व्यक्ती निरोगी असते. पुढे एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली की त्या पेशीची अचूक दुरुस्ती बंद पडते. दोन्ही प्रती जाव्या लागतात हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या ट्यूमरच्या नोंदींवरून मांडलं, जीन हाती लागण्याच्या कितीतरी आधी.

मला या धाग्यातून सगळ्यात जास्त सांगायचंय ते पुढे आहे. ज्या बिघाडाने ट्यूमर तयार झाला, तो ट्यूमरमध्येच राहतो आणि ट्यूमरला तिथेच गाठता येतं. डीएनएचा एक पदर तुटला तर पीएआरपी नावाचं एन्झाइम तो दुरुस्त करायला धावतं. औषधाने ते अडवलं तर एकेरी तुटी तशाच राहतात आणि नक्कल होताना दुहेरी होतात. बाईच्या निरोगी पेशींमध्ये बीआरसीएची एक चांगली प्रत असते, त्या पेशी निभावून नेतात. ट्यूमरच्या पेशींमध्ये दोन्ही प्रती गेलेल्या असतात, त्या मरतात. ही कल्पना २००५ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झाली आणि २०१४ च्या डिसेंबरात ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे ज्या रिपोर्टला घर घाबरतं, त्याच रिपोर्टवरून कोणतं औषध चालेल हे ठरू शकतं. रिपोर्ट लपवू नका हे मी कळकळीने सांगते ते यासाठी.

प्रश्न विचारा. जमतील तेवढी उत्तरं देते, इथे डॉक्टर मंडळीही आहेत.

---

निशिगंधा

वाचनखूण साठवली. वैदेहीताई, माझ्या आत्याला चाळिशीत ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. मला मॅमोग्राफीच्या वेळी विचारलं, आईला किंवा मावशीला होता का? मी नाही म्हटलं. आत्याचं धरायचं असतं का?

---

वैदेही_ठाणे

नक्की धरायचं. हे जीन लैंगिक गुणसूत्रांवर नाहीत. बीआरसीए१ सतराव्या गुणसूत्रावर आहे आणि बीआरसीए२ तेराव्या. वडिलांकडून मुलीकडे येण्याची शक्यता आईकडून येण्याएवढीच, दर अपत्याला ५० टक्के. वडिलांना काहीच त्रास नसतो म्हणून ती बाजू विचारात घेतली जात नाही, आणि आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिच्या आजारपणाची नोंद माहेरच्या कुणाच्या लक्षात राहत नाही. कागद घेऊन दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, काका, मामा, मावश्या लिहून काढ. कुणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी. अंडाशय, प्रोस्टेट, स्वादुपिंड हेही लिही. हा कागद डॉक्टरांना दाखव.

---

खाडीपलीकडे

लेख दोनदा वाचला. माझ्या आईचं खारघरला रेडिएशन चालू आहे. वाशीहून रोज घेऊन जातो. छातीवर खुणा केल्यात, त्या पुसू नका असं सांगितलंय, त्यामुळे आंघोळीचीही आई धास्ती घेते. माझा प्रश्न असा, एकदाच मोठा डोस देऊन मोकळं का करत नाहीत? आणि शनिवार-रविवार बंद असतं, त्या दोन दिवसांत गाठ पुन्हा वाढणार नाही का? तिथे एवढी गर्दी असते की डॉक्टरांना हे विचारायला जीव धजत नाही.

---

वैदेही_ठाणे

दादा, हा प्रश्न थेट दुरुस्तीचाच आहे. रेडिएशन गाठीतल्या पेशींचा डीएनए दोन्ही पदरांनी तोडतं. वाटेतल्या निरोगी पेशींचाही तोडतं. फरक पडतो तो नंतरच्या काही तासांत. निरोगी पेशी विभाजन थांबवून तुटी जोडून घेतात. कॅन्सरच्या पेशींमध्ये दुरुस्तीचं किंवा थांबण्याचंच काहीतरी मोडलेलं असतं, त्या अर्धवट जोडलेल्या डीएनएनिशी दुभंगायला जातात आणि मरतात. सगळा डोस एकदम दिला तर निरोगी पेशींनाही सावरता येत नाही. म्हणून थोडा थोडा देतात, म्हणजे रोजच्या रोज निरोगी पेशी पुढे आणि गाठ मागे पडत जाते. काही ठिकाणच्या लहान गाठींना अगदी नेमका मोठा डोस थोड्या बैठकांत देतात, पण ते जागेवर अवलंबून असतं.

शनिवार-रविवारची सुट्टी आखणी करतानाच धरलेली असते, त्याची काळजी करू नका. आपल्या बाजूने मधलाच दिवस चुकवणं मात्र टाळा; ठरल्यापेक्षा उपचार लांबले तर उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. सण असो की घरचं कार्य, आईंची वेळ आधी. एखादा दिवस बुडालाच तर तिथल्या टेक्निशियनना लगेच सांगा, तो कसा भरून काढायचा ते त्यांना ठाऊक असतं. आणि विचारायला लाजू नका. घरून दोन प्रश्न कागदावर लिहून न्या.

---

रबाळे_शिफ्ट

मी औद्योगिक रेडिओग्राफीत आहे. पाइपचे वेल्डिंग जोड इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत लावून तपासतो. छातीला टीएलडी बॅज असतो (किती रेडिएशन बसलं ते मोजणारा), तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. रिपोर्टमध्ये आकडा कमीच येतो. पण हा लेख वाचून वाटलं, कमी का असेना, डीएनए तुटतोच ना? साठत जातं का ते?

---

अणुशक्ती_निवृत्त

मी या क्षेत्रात आयुष्य काढलंय, म्हणून मधे बोलतो. एक ग्रे (तुमच्या गॅमा किरणांसाठी म्हणजे हजार मिलिसिव्हर्ट) एवढा डोस शरीराला मिळाला तर प्रत्येक पेशीत साधारण २० ते ४० दुहेरी तुटी होतात. तुमच्या बॅजवर येतो तो आकडा याच्या हजारावा भाग किंवा त्याहून कमी. म्हणजे बहुतेक पेशींत त्या काळात त्या डोसमुळे एकही दुहेरी तूट होत नाही, आणि ज्या होतात त्यातल्या बहुतेक काही तासांत जोडल्या जातात. तुटी साठत नाहीत. जोडताना राहून गेलेली चूक मात्र राहते, म्हणून मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. निसर्गातूनच जगात सरासरी वर्षाला २.४ मिळतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे ते कितीतरी जास्त आहेत, आणि तिथल्या लोकांच्या दीर्घ पाहणीत त्यामुळे कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

माझं तुम्हाला सांगणं एवढंच, बॅज लॉकरमध्ये ठेवून साइटवर जाणारी पोरं मी पाहिली आहेत. तसं करू नका. सर्व्हे मीटर हातात असल्याशिवाय स्रोत आत गेला असं समजू नका. मोठा डोस एकदाच बसला तर दुरुस्ती अपुरी पडते.

---

रबाळे_शिफ्ट

धन्यवाद काका. हे शिफ्टमधल्या मुलांना वाचून दाखवतो.

---

घोडबंदर_रहिवासी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे, त्याने डीएनए तुटत असेल का? आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल यांनी दुरुस्ती वाढते असं बरंच वाचलंय. घ्याव्यात का?

---

वैदेही_ठाणे

टॉवरच्या लहरींमध्ये डीएनएचे बंध तोडण्याएवढी ऊर्जाच नसते. क्ष-किरण, गॅमा आणि काही अंशी अतिनील यांच्यात ती असते. त्यामुळे रेडिएशन हा शब्द एक असला तरी गोष्टी वेगळ्या आहेत.

गोळ्यांबद्दल मी फार सावध आहे. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणारे पुरुष त्यात होते. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटने फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गोळी घेणाऱ्यांमध्ये तो १८ टक्के जास्त निघाला. स्वयंपाकातली हळद खुशाल खा. पण केमो किंवा रेडिएशन चालू असताना कुठलीही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तो उपचार मुद्दाम डीएनए मोडण्यासाठी चाललेला असतो.

---

केदार_कळवा

जरा आडवा प्रश्न. पेशी दुरुस्ती करतेच, तर तंबाखू सोडून काय मोठा फरक पडणार? आमची आजी जन्मभर मशेरी लावायची, नव्वदीपर्यंत जगली. धाकटा भाऊ हेच उदाहरण देऊन गुटखा खातो.

---

वैदेही_ठाणे

केदार, आजींना काही झालं नाही याचा मला आनंद आहे. पण तंबाखूतली नायट्रोसमाइनं ग्वानिन अक्षरांना चिकटतात, धुरातलं बेंझोपायरीनही तिथेच चिकटतं. नक्कल होण्याआधी ती जागा साफ झाली नाही तर तिथे चुकीचं अक्षर बसतं, आणि एकदा बसलं की दुरुस्ती यंत्रणेला ते चुकीचं आहे हे ओळखताच येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या ट्यूमरमध्ये पी५३ जीनवर ग्वानिनच्या जागी थायमिन आल्याच्या खुणा वारंवार सापडतात, इतकं हे थेट आहे. दुरुस्तीची क्षमता माणसागणिक कमी-जास्त असते. आजींची चांगली असेल, भावाची तशीच आहे हे कुणी तपासलंय? शिवाय गुटख्यात सुपारी असते, आणि सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरकारक म्हणून सिद्ध झालेली आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात वरच्या क्रमांकांत आहे.

सोडल्याचा फायदा होतो, कारण नवे घाव बसायचे थांबतात. सिगारेट सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. भावाला तोंड पुरतं उघडतं का ते बघायला सांग. तीन बोटं उभी आत जात नसतील किंवा आत पांढरा चट्टा असेल तर या आठवड्यातच दाखवा.

---

तलावपाळी

हत्तींबद्दल वाचलेलं आठवलं. एवढं मोठं धूड, एवढ्या पेशी, तरी त्यांना कॅन्सर क्वचित. त्यांच्याकडे पी५३ जीनच्या २० प्रती असतात म्हणे?

---

वैदेही_ठाणे

हो, २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे एक जीन, म्हणजे दोन प्रती. हत्तीकडे असे २०, जरी त्यातले बहुतेक पूर्ण लांबीचे नाहीत. हत्तीच्या पेशींना प्रयोगशाळेत रेडिएशन दिलं तर त्या दुरुस्तीच्या नादी न लागता आपल्या पेशींपेक्षा लवकर मरण पत्करतात. मला हे फार सुंदर वाटतं.

---

निशिगंधा

ताई, कागद केला. बाबांच्या बाजूने आत्या आणि आजी दोघी निघाल्या. आजीला "पोटाचा कॅन्सर" होता एवढंच घरात माहीत होतं. काकूने जुन्या फाइलमधून काढलं, तो अंडाशयाचा होता. आत्याची चाचणी आता केली, तिच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए१ मध्ये "व्हेरिअंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स" लिहिलंय. म्हणजे आहे की नाही? आत्याच्या सासरी कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय, तिच्या मुलीच्या लग्नाचं बघतायत म्हणून.

---

डॉ_नेरूळ

मी ऑन्कोलॉजीत नाही, पण हे सांगू शकतो. याचा अर्थ जीनमध्ये एक बदल दिसला, पण त्याने काम बिघडतं की नाही हे अजून ठरलेलं नाही. असे बदल पुढे बहुधा निरुपद्रवी ठरतात. या एका ओळीवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो आणि नातेवाइकांची त्या बदलासाठी चाचणीही करायची नसते. लॅब वेळोवेळी वर्गवारी बदलते, म्हणून रिपोर्ट जपून ठेवा आणि वर्ष-दीड वर्षाने पुन्हा विचारा. मात्र कुटुंबाचा इतिहास स्वतःच बोलका आहे. रिपोर्ट काहीही म्हणो, तुमच्या सगळ्यांच्या तपासण्या त्या इतिहासाप्रमाणे ठरायला हव्यात. जेनेटिक काउन्सेलरला भेटाच.

---

वैदेही_ठाणे

डॉक्टरसाहेबांशी पूर्ण सहमत. निशिगंधा, लग्नाबद्दल मी स्पष्ट बोलते. ज्या बायकांच्या बीआरसीए१ मध्ये नक्की दोष असतो, त्यांना वयाच्या ८० पर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि अंडाशयाचा सुमारे ४४ टक्के, असे २०१७ च्या मोठ्या पाहणीतले आकडे आहेत. तुमच्याकडे ते अजून सिद्ध झालेलं नाही. पण उद्या झालं, तर ही माहिती आत्याच्या मुलीला मिळणं हे तिच्या जिवाचं काम आहे. बाहेर कुणाला सांगायचं ते तिचं ती ठरवेल. तिच्यापासूनच लपवण्याचा हक्क घरात कुणालाही नाही. आत्याशी बोल, आणि काउन्सेलरकडे जाताना दोघींना बरोबर ने.

---

खाडीपलीकडे

आईचा रिपोर्ट काल आला, बीआरसीए२, तिथे मात्र स्पष्ट "पॅथोजेनिक", म्हणजे नक्की घातक बदल, असं लिहिलंय. औषधाचं डॉक्टर पुढच्या भेटीत बोलणार आहेत. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिची चाचणी लगेच करून घेऊ का? झोप लागत नाहीये.

---

वैदेही_ठाणे

दादा, आधी तुमची. तुमच्यात तो दोष नसेल तर तुमच्याकडून मुलीला मिळण्याचा प्रश्नच मिटतो, आणि तो नसण्याची शक्यता निम्मी आहे. असला तर तुमच्यासाठीही उपयोगाचं आहे, कारण बीआरसीए२ मुळे पुरुषांना प्रोस्टेटचा आणि क्वचित ब्रेस्टचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणजे तपासण्या वेळेत सुरू करता येतील. भावंडं असतील तर त्यांनाही सांगा.

मुलीची चाचणी आत्ता करत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर ती समजून-उमजून स्वतः ठरवेल. दोष निघालाच तरी ब्रेस्टचा एमआरआय साधारण पंचविशीपासून सुरू करतात, म्हणजे हातात भरपूर वर्षं आहेत. पुढच्या भेटीला आईंचा मूळ रिपोर्ट, त्यात बदलाचं पूर्ण नाव लिहिलेलं पान असतं ते, झेरॉक्स काढून बरोबर ठेवा. तुमच्या चाचणीत लॅबला तेवढाच एक बदल शोधायचा असतो, त्यामुळे खर्चही पुष्कळ कमी येतो.